लेखकाचं जन्मसाल नक्की नसेल तर तालिकेत काय लिहायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: तालुक्याच्या वाचनालयाची यादी कोहा या ग्रंथालयांसाठीच्या संगणकप्रणालीत भरताना जुन्या लेखकांची जन्म-मृत्यूची सालं प्रत्येक पुस्तकात वेगळी सापडतात, तेव्हा त्यातलं एक निवडावं की रकाना मोकळा सोडावा?

दोन्ही करू नका. जेवढं माहीत आहे ते लिहा आणि जेवढी शंका आहे तीही त्याच नोंदीत लिहा. तालिकीकरणात बरीच वर्षं घालवल्यावर सांगतो, शंकेची खूण नसलेलं साल पुढे कुणीही तपासत नाही. दुसरं वाचनालय तुमची नोंद उतरवून घेतं, तिसरं त्यांची, आणि तुमचा अंदाज हा पुरावा होऊन बसतो.

आधी साल कशासाठी हवं ते पाहू. नोंदीतलं साल मुख्यतः एका नावाची दोन माणसं वेगळी ठेवण्यासाठी असतं. संत नामदेव १२७० ते १३५० चे. सोळाव्या शतकात, एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा होऊन गेले. दोघांच्या रचनांत ‘नामा’ येतो आणि गाथ्यांत त्यांची सरमिसळही झाली आहे. विष्णुदास नाम्याचं जन्मसाल तुम्हाला सापडलं नाही तरी ‘कार्यकाळ १६वे शतक’ एवढं लिहिलंत की अडीचशे वर्षांचं अंतर नोंदीत उभं राहतं. म्हणून रकाना मोकळा नको.

आता शंका लिहायची कशी? आरडीए या तालिकीकरणाच्या नियमांत यासाठी वेगवेगळ्या खुणा आहेत आणि इथेच बहुतेक जण गोंधळतात. एका ठरावीक सालाकडे बोट दाखवता येतं पण पुरावा कमी आहे, तिथे सालापुढे प्रश्नचिन्ह. ठरावीक साल नाहीच, नुसता आसपासचा काळ माहीत आहे, तिथे ‘सुमारे’. दोन सालांपैकी एक नक्की, तिथे ‘किंवा’. जन्म-मृत्यू दोन्ही हाती नाहीत पण लेखन कधीचं ते ठाऊक आहे, तिथे ‘कार्यकाळ’. क्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांची नोंद ‘सुमारे १५४९-१६१९’ अशी होईल, कारण मृत्यूचं साल पक्कं, जन्माचं अदमासाचं. ज्ञानेश्वरांचा जन्म कुणी शके ११९३ धरतात, कुणी शके ११९७, म्हणून ‘१२७१ किंवा १२७५’. पण ज्ञानेश्वरीची अखेर शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. जन्माचा वाद कितीही चालला तरी हे साल हाताशी राहतं.

‘सुमारे’च्या बाबतीत दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटतात. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापली गेली, हे पक्कं. त्यांचं आयुष्य मात्र सरसकट ‘१८५०-१९१०’ असं छापलेलं दिसतं. दोन्ही टोकांना असा गोल आकडा दिसला की थांबा. हे अंदाज आहेत. ‘सुमारे १८५०-सुमारे १९१०’ असं लिहा. ज्या बाईने एवढं धारदार लिहिलं तिच्या आयुष्याची नोंद कुणी धड ठेवली नाही, ही गोष्टही त्या ‘सुमारे’तून वाचकापर्यंत पोचते. दुसरं उदाहरण मुक्ता साळवे यांचं. त्यांचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात आला तेव्हा त्यांचं वय चौदा सांगतात. वजाबाकी केली की १८४१ येतं खरं, पण आपल्याकडे वय सांगताना ‘चौदा पूर्ण’ की ‘चौदावं चालू’ हे कुठे सांगतात? १८४० ते १८४२ मधलं कोणतंही साल निघू शकतं. म्हणून ‘सुमारे १८४१’.

शक आणि इसवी सनाचा घोळ तुम्हाला सगळ्यात जास्त छळणार आहे, तेव्हा त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकलेलं गणित वर्षभर चालत नाही. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेर ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला. वर्ष शके १५७१ धरलं तर इसवी सन १६५० येतो, पण नुसते ७८ मिळवणाऱ्याला १६४९ मिळतो. दोन्ही सालं छापलेली सापडतात. तिथे ‘१६४९ किंवा १६५०’ लिहायच्या आधी ही बेरीज करून बघा, कारण अशा वेळी दोन मतं नसतात, एक हिशेब चुकलेला असतो. तुकारामांच्या जन्माचं तसं नाही. १५९८ आणि १६०८ या दोन्हींमागे अभ्यासक आहेत, आणखी आधीची सालंही मांडली गेली आहेत. मी ‘१६०८?’ लिहितो आणि बाकीची सालं टिपेत देतो. पौष महिन्याला जास्त जपा. तो बरेचदा डिसेंबरात लागून जानेवारीत संपतो, त्यामुळे तिथी पाहिल्याशिवाय ७८ की ७९ ते ठरत नाही.

कोहात नोंदीच्या प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो, त्याला टॅग म्हणतात, आणि त्यातल्या पोटरकान्याला सबफील्ड. हे सगळं टॅग १०० च्या सबफील्ड डी मध्ये जातं. ते वाचकासाठी. यंत्रासाठी नावाच्या प्रमाण नोंदीत, म्हणजे लेखकाच्या नावाचं ठरलेलं रूप जिथे ठेवतात त्या वेगळ्या नोंदीत, टॅग ०४६ आहे: जन्म सबफील्ड एफ मध्ये, मृत्यू जी मध्ये. तिथे शब्द चालत नाहीत, ईडीटीएफ नावाची लेखनपद्धत वापरतात; २०१९ पासून ती तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या, आयएसओ ८६०१ च्या, दुसऱ्या भागात आहे. ‘सुमारे’साठी १५४९~, संशयासाठी १६०८?, दोहोंपैकी एकासाठी [१२७१,१२७५]. या टॅगमध्ये अंक इंग्रजी टंकायचे, नाहीतर सालानुसार शोध चालणार नाही. जुन्या नोंदी उतरवल्यात तर ‘सुमारे’ आणि ‘कार्यकाळ’ यांच्या जागी लॅटिन शब्दांची संक्षिप्त रूपं दिसतील. ती आरडीएच्या आधीच्या नियमांतली आहेत, अर्थ तोच. तुमच्या यादीत मात्र एकच शब्द ठरवा. कुठे ‘अंदाजे’ आणि कुठे ‘सुमारे’ नको.

अलीकडच्या लेखकांत १ जून दिसला की सावध व्हा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीने टाकलेली ती तारीख असते आणि तिच्यासोबतचं सालही बरेचदा सोयीचंच असतं. एका दिवंगत कथालेखकाची पुस्तकं त्यांच्या मुलीने आमच्याकडे भेट दिली. मलपृष्ठावर १ जून १९३१ होतं. तिने घरून पत्रिका आणली, तीत पौष वद्य, शके १८५१, म्हणजे जानेवारी १९३०. नोंदीत १९३० घेतलं आणि प्रमाण नोंदीच्या टॅग ६७० मध्ये, जिथे माहितीचा आधार लिहितात, दोन्ही लिहिलं: मलपृष्ठावर काय, पत्रिकेत काय, पत्रिका कुणी कधी पाहिली. हा टॅग कंटाळा करून सोडू नका. पुढे कुणी वेगळं साल घेऊन आलं तर तुम्ही कशावरून लिहिलं होतं ते त्याला तिथेच सापडेल.

मृत्यूच्या सालाला जास्तच जपायला हवं. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षं असतो. १९६५ साली गेलेल्या लेखकाची अशी पुस्तकं १ जानेवारी २०२६ ला मोकळी झाली. उद्या तुमच्या वाचनालयाने जुनी पुस्तकं स्कॅन करायला घेतली तर पहिल्यांदा हाच रकाना उघडला जाईल, आणि तिथलं प्रश्नचिन्ह पाहून कुणीतरी नगरपालिकेत मृत्यूची नोंद शोधायला जाईल.