तुमचे प्रश्न: इंग्रजी मेलमध्ये नेमकं चुकतं कुठे?

प्रश्न: ताई, मी मराठी मिडियमची, सध्या हिंजवडीत सपोर्ट टीममध्ये आहे. क्लायंटला रोज मेल जातात आणि माझा लीड माझा प्रत्येक मेल लाल करून परत पाठवतो. कालचाच बघा: 'आय ॲम वर्किंग ऑन धिस इश्यू सिन्स टू डेज. आय हॅव सेंट द लॉग फाइल यस्टरडे. प्लीज टेल व्हेअर इज द प्रॉब्लेम.' अप्पा बळवंत चौकातून ग्रामरचं जाडं पुस्तक आणलंय, पहिल्या पानापासून सुरू करू का?
– एक वाचक, वारजे

उत्तर: पुस्तक राहू दे जवळ, पण पहिल्या पानापासून नको गं, दहाव्या पानावर कंटाळशील आणि ज्या चुका तू करतच नाहीस त्यांच्यावरच सगळा वेळ जाईल. तुझ्या चुका मोजक्या आहेत आणि मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्या खूप जणांच्या ह्याच असतात.

पहिलं वाक्य घे. 'मी 2 दिवसांपासून काम करतेय' हे आपल्याकडे एकदम बरोबर, चालू वर्तमानकाळ. इंग्रजीत मात्र काम मागे सुरू झालं आणि अजून चालूच आहे हे दोन्ही क्रियापदातच दाखवावं लागतं, म्हणून 'हॅव बीन वर्किंग'. आणि 'सिन्स'च्या पुढे सुरुवात कधी झाली ते येतं, सिन्स मंडे, सिन्स 2021, आणि किती वेळ झाला ते मोजून सांगायचं असेल तर 'फॉर'. म्हणजे 'आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस इश्यू फॉर टू डेज.' हे एक वळण हाताला बसलं ना की निम्मा लाल रंग जाईल बघ.

दुसऱ्यात 'यस्टरडे' आडवं येतंय. 'काल पाठवलीये' आपण सर्रास म्हणतो, पण इंग्रजीत काल, गेल्या आठवड्यात, 2019 मध्ये असा संपलेला काळ सांगितला की 'हॅव' काढायचं, नुसतं 'आय सेंट'. वेळ सांगायची नसेल तर 'आय हॅव सेंट द लॉग फाइल' छान आहे. रेझ्युमेत पण बघून घे, 'आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन 2019' असं लिहिलं असेल तर आजच बदल.

तिसऱ्यात 'टेल'ला कोणाला ते लागतं, 'टेल मी', आणि प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याचा क्रम साध्या वाक्यासारखा होतो, 'व्हेअर द प्रॉब्लेम इज'.

'अ', 'ॲन', 'द' तुझ्या ह्या मेलमध्ये ठीक आहेत, पण मराठीत ती भानगडच नसल्यामुळे घाईत हमखास सुटतात. अ की ॲन हे स्पेलिंगवर नाही, कानावर ठरतं: ॲन अवर, अ युनिव्हर्सिटी, ॲन एमबीए, अ यूएसबी ड्राइव्ह.

आता काम एवढंच कर, लीडने लाल केलेली वाक्यं मोबाइलच्या नोट्समध्ये साठव, शेजारी बरोबर वाक्य, आणि सेंड दाबायच्या आधी मेलमध्ये फक्त तेवढ्याच चुका शोध. तो लीड वैतागवाणा वाटत असेल पण इतकं वाचून परत पाठवणारा माणूस मिळणं भाग्याचं आहे, त्याला कारण विचारत जा.

प्रश्न: माझ्या मुलाच्या मते 'डू द नीडफुल' आणि 'प्रीपोन' हे चुकीचं इंग्रजी आहे. आम्ही ऑफिसात आयुष्यभर हेच लिहिलं. शिवाय वाक्य प्रिपोझिशनवर संपवू नये असं आम्हाला शाळेत शिकवलंय, ते तरी खरं का?
– एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर: काका, चुकीचं अजिबात नाही. 'प्रीपोन' म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, हा शब्द भारतात सगळ्यांना कळतो, बिनधास्त वापरा, फक्त परदेशातल्या माणसाला मीटिंग कधीवर आणली ती नवी वेळच लिहा. 'डू द नीडफुल'बद्दल मात्र मी मुलाच्या बाजूची आहे, पण कारण वेगळं. त्यात समोरच्याने नेमकं काय करायचं तेच येत नाही. 'प्लीज साइन पेज थ्री अँड सेंड इट बाय फ्रायडे' असं लिहिलं की काम होतं, नाहीतर परत फोन करा, परत समजावून सांगा.

प्रिपोझिशनचा, म्हणजे 'फॉर', 'ऑन', 'इन' अशा शब्दांचा, तो नियम सोडून द्या. जॉन ड्रायडन ह्या इंग्रज कवीने 1672 मध्ये बेन जॉन्सन ह्या नाटककाराच्या लिखाणावर हा आक्षेप घेतला होता, पुढे तो शाळाशाळांत शिरला आणि पोरांना अजून छळतोय. 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर' हे सरळ, चांगलं इंग्रजी आहे.

प्रश्न: 'इट्स'मध्ये ॲपॉस्ट्रॉफी कधी?
– एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर: तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' म्हणून बघ, वाक्य जुळलं तर दे, नाही जुळलं तर नको. 'द कंपनी चेंज्ड इट्स लोगो' मध्ये जुळत नाही, म्हणून तिथे नाही.