एक लिटरचं इंजिन, चार लिटर ऑइल

प्रश्न : नमस्कार काका. 2014 ची फोर्ड इकोस्पोर्ट बघून ठेवली आहे. पेट्रोल, इकोबूस्ट, पाच गिअरची. 68 हजार किलोमीटर झालेत. मालक डॉक्टर आहेत, गाडी आरशासारखी ठेवली आहे. मला महिन्यातून दोनदा आंबा घाटातून रत्नागिरीला जावं लागतं. मेहुणे म्हणतात, हजार सीसीचं इंजिन एवढं धूड ओढतंय, लवकर झिजणार. मित्र म्हणतो, त्यात ऑइलमध्ये भिजणारा बेल्ट आहे, हात लावू नकोस. कोणाचं ऐकू? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मित्राचं ऐका, पण अर्धंच.

आधी मेहुण्यांचं बघू. हे इंजिन तीन सिलिंडरचं, 999 सीसीचं, आणि त्याला टर्बो आहे, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा; फोर्ड त्यालाच इकोबूस्ट म्हणते. ताकद 125 पीएस, टॉर्क (फिरवायचा जोर) 170 न्यूटन-मीटर. याच गाडीत दुसरं पेट्रोल इंजिन दीड लिटरचं होतं, त्याची ताकद 112 पीएस आणि टॉर्क 140. म्हणजे धाकटं थोरल्यापेक्षा जोरदार निघालं. घाटात आपल्याला लागतो तो टॉर्क, आणि तो इथे 1400 आरपीएमपासूनच हाताशी येतो, 4500 पर्यंत टिकतो. आंबा घाटाच्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कुरकुर न करता चढते, ती त्यामुळे. ब्लॉक बिडाचा आहे आणि तो ए-फोर कागदावर मावतो. इंग्लंडमधल्या डंटनच्या केंद्रात हे इंजिन घडवलं आणि 2012, 2013, 2014 अशी लागोपाठ तीन वर्षं ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’चा पहिला मान त्याला मिळाला. लहान आहे म्हणून ते झिजत नाही. आपल्याकडे अशी इंजिनं आली त्यात कराचाही भाग आहे: चार मीटरच्या आतली गाडी आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत, तर कर कमी. बऱ्याच कंपन्या मग लहान इंजिनाला टर्बो जोडायला लागल्या.

आता मित्राचं. टायमिंगचा बेल्ट, म्हणजे वॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, साधारणपणे कोरडा असतो, इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, प्लास्टिकच्या झाकणाआड. चेन असेल तर ती आत, ऑइलमध्ये. या इंजिनात बेल्टच आत घातला, ऑइलमध्ये. आवाज कमी, घर्षण कमी, म्हणून ॲव्हरेज चांगलं. ऑइल पंपालासुद्धा असाच एक छोटा ओला बेल्ट आहे. मेख इथे आहे. ऑइल चुकीचं घातलं किंवा वेळेवर बदललं नाही, की रबर फुगतं, त्याला चिरा जातात आणि त्याचे तुकडे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, पडतात. तिथून पंप ऑइल खेचतो ती जाळी त्या चुऱ्याने तुंबते. बेल्ट तुटायच्या आधीच ऑइलचं प्रेशर जातं. बेल्ट तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. दोन्हीकडून इंजिन उघडावंच लागतं.

असा एक नमुना माझ्यापुढे आला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, दोष मालकाचा होता. तीन सिलिंडरची टर्बो, सिग्नलला उभी राहिली की ऑइलचा लाल दिवा फडफडायचा, रेस दिली की विझायचा. कुठल्या तरी गॅरेजमध्ये सेन्सर बदलून दिला होता. दिवा महिनाभर गप्प राहिला, मग पुन्हा सुरू. मी चेंबर खाली उतरवलं. जाळीवर चहाच्या चोथ्यासारखा काळा थर, ओला. दोन बोटांत चोळला तर चुरगळेना, रबरासारखा ताणला जायचा. मालकांना विचारलं, शेवटचं ऑइल कधी बदललं? म्हणाले, 22 हजारांपूर्वी. कोणतं घातलं? पिंपातलं सुटं, स्वस्त पडलं म्हणून. ते वाचवलेले पैसे त्या जाळीवर बसले होते. नशीब, बेअरिंगना ओरखडेच होते, ती जळली नव्हती.

त्यामुळे तुमच्या गाडीत 68 हजार हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटत नाही. फोर्डने युरोपात या बेल्टसाठी 10 वर्षं किंवा 2,40,000 किलोमीटर, जे आधी येईल ते, अशी मुदत दिली होती. 2014 च्या गाडीची दहा वर्षं भरली. कमी पळाली म्हणून बेल्ट तरुण राहत नाही. डॉक्टरांची गाडी असेल तर उलट शंका घ्या: घर ते दवाखाना, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, इंजिन धड तापतही नाही. त्याचं काय होतं ते खाली साताऱ्याच्या ताईंना सांगितलं आहे.

त्यांच्याकडून ऑइलची बिलं मागा. त्यावर 5W-20 (ऑइलचा दाटपणा) आणि फोर्डचा WSS-M2C948-B हा क्रमांक दिसला पाहिजे. नुसतं ‘फुल सिंथेटिक’ लिहिलेलं चालणार नाही. चार लिटरच्या वर थोडं ऑइल मावतं. इंजिन पूर्ण तापवून, निवांत आयडलवर ठेवून लाल दिवा बघा. मग बेल्ट बदलायचा खर्च किमतीतून वजा करून घ्या, दोन्ही बेल्टचा, आणि त्याच वेळी चेंबर उतरवून जाळी साफ करायला लावा. हे काम कोपऱ्यावरच्या फिटरचं नाही. क्रँकच्या पुलीला चावीची खाच नाही, ती नुसत्या घट्ट बोल्टवर बसते. शिवाय कंपन मारण्यासाठी फ्लायव्हील आणि पुढची पुली दोन्ही मुद्दाम एका बाजूला जड केल्या आहेत. लॉक करायची हत्यारं नसतील तर टायमिंगही चुकतं आणि थरथरही वाढते. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन थांबवायचा निर्णय जाहीर केला, पण सर्व्हिस आणि सुटे भाग चालू ठेवायचं आश्वासन दिलं. तुमच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून विचारा, हा बेल्ट तुम्ही स्वतः बदलला आहे का. गोलगोल उत्तर मिळालं तर दुसरं सेंटर शोधा.

बेल्टची ही गोष्ट एकट्या फोर्डची नाही. प्यूजो-सिट्रोएनची मालक कंपनी स्टेलांटिस, तिच्या आधीच्या 1.2 प्युअरटेक इंजिनातही ओला बेल्ट होता, आणि 2024 मध्ये त्यांना युरोपात वॉरंटी 10 वर्षं किंवा 1,75,000 किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली. अमेरिकेत फोर्डने डिसेंबर 2023 मध्ये याच एक लिटर इंजिनाच्या सुमारे 1,40,000 गाड्या परत बोलावल्या, तिथे अडचण ऑइल पंपाच्या बेल्टकडे होती. या इंजिनाच्या नंतरच्या आवृत्तीत फोर्डने टायमिंगसाठी चेन वापरायला घेतली. मला विचाराल तर ती आधीच घ्यायला हवी होती.

कूलंटकडेही लक्ष द्या. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या गाड्यांत कूलंटच्या बाटलीकडे जाणारा एक पाइप फुटायचा, तो कंपनीने बदलून दिला. कूलंट अचानक गेलं की काटा फसवतो, कारण सेन्सरभोवती पाणीच नसलं तर तो मोजणार काय? हेड मात्र तापून वाकतं. म्हणून घाटाला लागायच्या आधी, गाडी थंड असताना, बाटलीची पातळी डोळ्यांनी बघायची सवय लावा. दर महिन्याला पातळी जराशी खाली जात असेल तर वरून भरून गप्प बसू नका.

एवढं सगळं जमत असेल तर गाडी घ्या. चालवायला मजा आहे. मी स्वतः घेतली नाही, कारण आमच्या घरात ऑइलच्या बिलांची फाइल कोण ठेवणार यावर एकमत झालं नाही.

प्रश्न : काका, माझी टर्बो पेट्रोल गाडी तीन वर्षांची आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून फक्त मंडई, बँक, देऊळ. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतंय. मेकॅनिक म्हणाला, उलट चांगलंच आहे. — सातारा

उत्तर : ताई, मेकॅनिकला डिपस्टिकचा वास घ्यायला सांगा. पेट्रोलचा वास आला तर ते वाढलेलं ऑइल नाही, त्यात उतरलेलं पेट्रोल आहे.

अशा बऱ्याच इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. इंजिन गार असताना त्यातलं थोडं भिंतीवर ओलं राहतं आणि पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये उतरतं. लांब पल्ल्याला गाडी गेली की ऑइल तापतं आणि ते पेट्रोल उडून जातं. तुमच्या फेरीत ते तापेपर्यंत देऊळ येतं. ऑइल पातळ होतं, आणि टर्बोचा फिरता दांडा त्याच ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो. वर कोल्हापूरकरांना सांगितलेल्या इंजिनातला टर्बो मिनिटाला 2,48,000 फेऱ्यांपर्यंत जातो. तुमचा थोडा हळू फिरत असेल, पण पातळ ऑइल त्यालाही चालत नाही.

ऑइल आता लगेच बदला. पुढे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या अंतराची वाट बघू नका, वर्षाच्या आत, सहा-सात महिन्यांनी बदलत जा. आणि पंधरा दिवसांतून एकदा कास पठाराकडे चक्कर मारा. चढावर ऑइल चांगलं तापेल, वर फुलं असली तर तीही बघून होतील. परत येताना शेवटचा एखादा किलोमीटर शांतपणे चालवा, मग घरी आल्यावर इंजिन चालू ठेवून बसायची गरज नाही.

प्रश्न : दादा, ॲव्हरेजसाठी मी 40 च्या वेगाला टॉप गिअर टाकतो. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की आतून एखादा ‘टक’ येतो. रीमॅप केल्यावर जाईल का? — नाशिक

उत्तर : रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं, केल्यावर कदाचित पिस्टनच जाईल.

कमी आरपीएम, पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर आणि टर्बोचा दाब, हे तिन्ही एकत्र आले की प्लगने ठिणगी टाकायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. तो ‘टक’ त्याचा असू शकतो. जोरात झाला तर रिंगांची जागा फुटते. खाली गिअर टाक, इंजिन 2000 च्या वर राहू दे. ऑइल घेताना डब्यावर एपीआय एसपी ही दर्जाची खूण आहे का बघ. 2020 पासूनच्या या प्रतीत अशा अवेळी पेटण्याचा विचार केलेला आहे. तरीही आवाज राहिला तर प्लग आणि कॉइल तपासून घे.

आणि ॲव्हरेजचं म्हणशील तर E20 मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, ते थोडं घटणारच, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. टॉप गिअर लवकर टाकून ते भरून निघत नाही. टायरमधली हवा कधी बघितली होतीस?