परदेशातील नव्या शहरात स्थिरावताना सर्वांत आधी काय करावे?

सर्वांत आधी पत्त्याचा पुरावा मिळवावा, असे माझे ठाम मत आहे. बँक पत्ता मागते आणि घरमालक बँकेचे खाते मागतो. हा पेच बहुधा नोकरी देणाऱ्या संस्थेच्या पत्राने किंवा, जिथे रहिवाशांची नोंदणी सक्तीची आहे तिथे, नोंदणीच्या दाखल्याने सुटतो, म्हणून तात्पुरते घर घेतानाच त्या पत्त्यावर नोंदणी करता येईल का, हे लेखी विचारून घ्यावे. जन्म व विवाहाच्या दाखल्यांवर निघण्यापूर्वीच अपोस्टिल (दाखला खरा असल्याचे सरकारी प्रमाणपत्र) करून घ्यावे; १९६१ च्या हेग करारातील देशांमध्ये त्यानंतर वकिलातीच्या वेगळ्या प्रमाणीकरणाची गरज सहसा उरत नाही, आणि परदेशात राहून हे काम करवून घेणे फार कष्टाचे ठरते.

कागदपत्रे मार्गी लागल्यावर, काही महिन्यांनी, येणारी उदासी मात्र अनेकांना अनपेक्षित असते. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० च्या लेखात सुरुवातीच्या कौतुकानंतर चिडचिड आणि परकेपणाचा टप्पा येतो, असे मांडले होते. त्या काळात परतण्याचा निर्णय घाईने घेऊ नये. दर आठवड्याला तीच माणसे भेटतील असा एखादा भाषावर्ग किंवा खेळाचा गट गाठावा.