बांगड्यांचं माप

प्रिय पोरी,

परवा तुझा फोन आला तेव्हा पत्र्यावर असा पाऊस कोसळत होता की निम्मं बोलणं मला ऐकूच आलं नाही. म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाच, पुन्हा वाच, आणि नवऱ्यालाही वाचायला दे. त्याची नाळ मी कापली आहे, त्याला माझं ऐकावंच लागेल.

तुझे अठ्ठावीस आठवडे झाले. चवथीच्या पुढेमागे बाळ येईल. तू विचारलंस, "सिस्टर, मला काहीच त्रास नाही, मग आता दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात कशाला? घरात लावणीची घाई आहे." हे मला आजवर शेकडो पोरींनी विचारलंय. त्याचं उत्तर म्हणून मी नेहमी एका डोहाळेजेवणाची गोष्ट सांगते.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. जांबोटीच्या अलीकडच्या एका वाडीत मी पाहुणी म्हणून गेले होते, ड्युटी नव्हती. पोरीला हिरवं लुगडं नेसवलं, फुलांची वाडी भरली, आणि कासारीण चुडा भरायला बसली. महिन्यापूर्वी तिनंच त्या पोरीला बांगड्या भरल्या होत्या. त्या मापाची बांगडी आता अंगठ्याच्या हाडावरून पुढे सरकेना. साबण लावला तरी सरकेना. कासारीण म्हणाली, "हात भरलाय गं, बाळ चांगलं अंगावर आलंय." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग मोठं माप काढलं. मनगटावर जुन्या बांगड्यांचे वळ उठलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, आणि ओटी भरून घरी आले. बीपीचं मशीन माझ्या घरी पिशवीत होतं.

चौथ्या रात्री तिला झटके आले. दोन दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण शेतात लावणी चाललेली, कुणाला सांगायचं म्हणून ती गप्प राहिली. बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपने बेळगाव. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

आता नीट ऐक. दिवस भरत आले की संध्याकाळी पाय सुजतात, ते बहुतेकींचं होतं. पाय उशीवर ठेवून झोपलं की सकाळी उतरतात. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं दिसलं, अंगठी किंवा बांगडी घट्ट झाली, महिन्याभरात तीन किलोच्या वर वजन चढलं, तर ते बाळसं नव्हे. रक्तदाब वाढत असू शकतो आणि लघवीतून प्रथिनं जात असू शकतात. सुरुवातीला दुखत काहीच नाही. म्हणून तर अठ्ठाविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे दर आठवड्याला तपासायचं. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर दिसला तर डॉक्टर तुला सोडणार नाहीत, आणि सोडलं तर तू हलू नकोस. डोकेदुखी गोळीने थांबत नाही, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येतात, बरगडीखाली छातीच्या खळग्यात दुखतं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला निघायचं. भात लावायला दुसरी माणसं आहेत.

दवाखान्यात गेलीस की लघवीची तपासणी मागून घे. बीपी बघतात, पोटावर हात ठेवून बाळ बघतात, पण गर्दीच्या दिवशी लघवीचं राहून जातं. तुला महाराष्ट्रातल्या चंदगडहून इकडे कर्नाटकात येऊन जेमतेम दीड वर्ष झालं, कन्नड अजून जमत नाही आणि तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड, सगळं कन्नडात, हे मला ठाऊक आहे. मराठी कानाला ते ताई कार्ड वाटतं. कन्नडात तायी म्हणजे आई. अक्षर येत नसलं तरी आकडे येतात ना? दर वेळी विचार: बीपी किती, वजन किती, हिमोग्लोबिन किती. घरी वहीत तारीख घालून लिही. हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. ७ च्या खाली गेलं तर गोळ्यांवर भागत नाही, मोठ्या दवाखान्यात जावं लागतं. आणि चार शब्द पाठ कर, डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर उपयोगी पडतील. तली नोवु म्हणजे डोकेदुखी, होट्टी नोवु म्हणजे पोटदुखी, नीरु म्हणजे पाणी, कूसु म्हणजे बाळ. रक्त दोन्हीकडे रक्तच. शब्द आठवला नाही तर मराठीत बोल, बोटाने दाखव, पण गप्प राहू नकोस. तुझ्या अंगाला काय होतंय ते मशीनच्या आधी तुलाच कळतं.

बाळाच्या हालचालींचंही तसंच. दुपारी जेवल्यावर डाव्या कुशीवर पड, पोटावर हात ठेव आणि मोज. लाथ, कूस बदलणं, वळवळ, सगळं धर. साधारण दोन तासांत दहा वेळा हललं की झालं. बाळही झोपतं, अर्धा-पाऊण तास शांत असलं तर घाबरू नकोस. पण रोज नाचणारं बाळ आज थंड आहे असं वाटलं, काही खाऊन कुशीवर पडूनही दोन तासांत दहा झाले नाहीत, तर सकाळची वाट बघू नकोस. "नवव्यात जागा अपुरी पडते म्हणून हलत नाही" असं तुला चार जणी सांगतील. ते खोटं आहे. लाथेच्या जागी ढुसणी येईल, पण हालचाल थांबत नाही. या एका समजुतीपायी बायका दोन-दोन दिवस घरी बसलेल्या मी पाहिल्यात.

झोपायचंही कुशीवरच, डावी बरी. उताणं झोपलं की पोटाचं वजन मोठ्या शिरांवर येतं आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. मध्येच जाग आली आणि उताणी सापडलीस तर कूस बदलायची, बस. रात्री पायात वांब आला तर पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढायचा.

गोळ्यांचं सांगते, कारण तिथे सगळ्याच चुकतात. लोहाची गोळी रोज एक, हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतील. ती चहाबरोबर घ्यायची नाही, आणि आपल्याकडे दर तासाला चहा! गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी चहा लांब ठेव. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतलीस तर उत्तम. शौच काळी होते, त्याला भिऊन गोळ्या फेकून देऊ नकोस. कॅल्शियमच्या दोन गोळ्या वेगळ्या, लोहाबरोबर कधीच नाही. धनुर्वाताच्या दोन सुया महिन्याच्या अंतराने झाल्यात का, कार्डात बघून घे. साखरेची तपासणी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त घेतात ती, झाली नसेल तर आता करून घे. १४० किंवा जास्त आली तर जेवण बदलावं लागेल. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं इंजेक्शन लांबवू नकोस.

खाण्याला वेगळं काही नको. नाचणीची आंबील, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, अंडं, भाकरी. अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेतून दुपारचं गरम जेवण मिळतं, २०१७ पासून. सून अंगणवाडीत जेवायला गेली तर गाव काय म्हणेल, असं सासूबाईंना वाटतं, मला माहीत आहे. मी त्यांच्याशी बोलते. मिसरी मात्र लावायची नाही. ती तंबाखूच आहे, बाळाचं वजन तिने घटतं. नववा लागला की कुणीतरी एरंडेल घेऊन येईल, "सुटका सोपी होते" म्हणून. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोंडात घालू नकोस. तूप खा हवं तर, पण तुपाने वाट गुळगुळीत होते हे काही खरं नाही.

काम कर, हिंड, घरातलं सगळं कर. पण चिखलात दिवसभर वाकून लावणी यंदा नको, आणि विहिरीवरून भरलेली घागर नको. शेवाळलेल्या अंगणात तर पाय जपून टाक. पोट पुढे आलं की तोल बदलतो, पाय कुठे पडतोय ते दिसतही नाही.

आता माहेरचं. आठव्यात पाठवत नाहीत, सातव्यात नाहीतर नवव्यात, असं तुझ्या घरी चाललंय. महिना मोजण्याऐवजी रस्ता मोजा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या भागातला पाऊस तू मागच्या साली पाहिलास. नाल्यावर पाणी आलं की वाडी तुटते. चंदगडला जायचंच तर छत्तिसाव्या आठवड्याची वाट न बघता जा. पण एक ध्यानात घे: तिथे अडलं तर तुला बहुतेक शिनोळीच्या रस्त्याने बेळगावलाच आणतील, कोल्हापूर फार लांब. म्हणजे बाळंतपणासाठी हद्द ओलांडायची आणि अडचणीत परत ओलांडायची. माझं मत विचारशील तर शेवटचे तीन आठवडे आईलाच इकडे बोलाव आणि तुझ्या नणंदेकडे बेळगावात राहा. आईचा हात जवळ असला की झालं, मग गाव कुठलंही असो. तरीही गेलीस तर तायी कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगटाचा कागद, सगळं बरोबर ने. तिथल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात भेट, नाहीतर तुझं नाव ना इकडच्या यादीत ना तिकडच्या.

१०८ दोन्ही राज्यांत लागतो. हद्दीवर मोबाईलला कधी इकडचा टॉवर मिळतो, कधी तिकडचा, म्हणून फोन उचलला की आधी राज्य, जिल्हा, तालुका सांगायचा, मग गाव. त्याशिवाय ओळखीच्या एका गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, नेणं-आणणं याचे पैसे द्यायचे नसतात, २०११ पासून तसा नियम आहे. नवऱ्याला सांग, पैशाच्या विचारात तास घालवू नकोस.

कळा कशा ओळखायच्या, हेही विचारलं होतंस. खोट्या कळा येतात-जातात, चाललं किंवा कूस बदलली की विरतात. खऱ्या कळा कमरेतून पोटाकडे येतात, त्यांना ताल असतो, अंतर कमी होत जातं. पाच-पाच मिनिटांनी येऊन मिनिटभर टिकायला लागल्या की दवाखाना. तुझं गाव आडवळणाचं, तू कळांत दहा मिनिटांचं अंतर असतानाच नीघ. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघायचं, आणि पाणी हिरवट दिसलं तर धावत. लाल रक्त गेलं तर दुखत नसलं तरीही. कुणालाही "आत तपासून बघते" म्हणू देऊ नकोस, सरळ मोठा दवाखाना.

घरी बाळंतपण का नको, हे सासूबाईंना एका गोष्टीने पटेल. बाळ झाल्यावर वार पडताना रक्त जातं, आणि बाळंतीण तासा-दोन तासांत हातची जाते. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ मध्ये १६२० बायकांवर एक अभ्यास झाला. बाळ होताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिलेल्या बायकांत जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, माझ्यासारख्या खेड्यातल्या नर्सबाया होत्या. लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात ते २००६ साली छापून आलं. मला आजही त्याचा अभिमान वाटतो. आता दवाखान्यात बाळ होताच इंजेक्शन देतात. घरी ते कोण देणार?

सोनोग्राफीत मुलगा की मुलगी विचारू नकोस, कुणाला विचारूही देऊ नकोस. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

येत्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात मोठे डॉक्टर गरोदर बायकांना मोफत तपासतात, दर महिन्याच्या नऊला. खानापूरला ये. बसला पैसे पडायचे नाहीत, कर्नाटकच्या बायकांना २०२३ पासून सरकारी बस फुकट आहे, पण आधारवर कर्नाटकचा पत्ता हवा. तुझ्या आधारवर अजून चंदगड असेल तर कंडक्टर तिकीट फाडेल. यायचं मात्र थांबवू नकोस, पत्ता त्याच फेरीत बदलायला देऊ. सकाळी आठच्या बसने नीघ, मी स्टँडवर थांबते. वही आण. हातातल्या बांगड्या काढून येऊ नकोस, मला त्या बघायच्या आहेत.

तुझी,
सिस्टरमावशी