वाचकांचे प्रश्न : शिंदे छत्रीला जायचंय, नेमकं काय बघायचं?

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, पानिपतबद्दल वाचून वाचून त्याला महादजी शिंद्यांचं वेड लागलंय. त्याला पुण्याची शिंदे छत्री, म्हणजे महादजींचं स्मारक, दाखवायचीय, सासूबाईपण येणारेत. पण ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, अर्ध्या तासात बघून होतं, एवढ्यासाठी मुंबईहून कशाला जाता? खरंच जावं का? आणि एका दिवसात जमेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : ताई, जा. बिनधास्त जा, आणि मुलाला वेड लागलंय ना, मग तर अजिबात टाळू नका.

अर्ध्या तासात होतं ते बाहेरून फोटो काढून निघणाऱ्यांचं. वानवडीत शिरलं की समोर ती कोरीवकाम केलेली, राजस्थानी आणि इंग्रजी थाटाची मोठी वास्तू दिसते, आतला हॉल, सज्जे, रंगीत काचांच्या खिडक्या, शिंदे घराण्यातल्या लोकांच्या तसबिरी, हे सगळं देखणं आहेच, पण हा सगळा थाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या वेळचा. महादजींच्या काळातलं तिथं आहे ते म्हणजे महादेवाचं देऊळ, त्यांनी स्वतः बांधलेलं. त्याच आवारात त्यांचा अंत्यविधी झाला. म्हणून मुलाला आधी सरळ देवळाकडे न्या, दर्शन घ्या, समाधीपाशी बसा, आणि मग हॉल बघा. बहुतेक लोक उलटं करतात आणि हॉलमध्येच दमतात.

महादजींची सगळी कर्तबगारी उत्तरेत, राजधानी उत्तरेत, मग समाधी पुण्यात कशी, हा प्रश्न तुमचा मुलगा विचारणारच. तर ते 1792 मध्ये पुण्याला आले, दिल्लीच्या मुघल बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या सर्वोच्च प्रतिनिधिपदाची, फर्मानं आणि वस्त्रं घेऊन, आणि परत उत्तरेत जाणं काही झालंच नाही. वानवडीला त्यांचा तळ होता, तिथंच 12 फेब्रुवारी 1794 ला ते गेले. दिल्लीच्या बादशहाला गादीवर बसवणारा माणूस, पण स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात त्यांना धन्यता वाटायची, मूळ गाव साताऱ्याकडचं कण्हेरखेड. मला तर ही गोष्ट त्यांच्या कुठल्याही लढाईपेक्षा मोठी वाटते.

आणि त्याला राणेखानाची गोष्ट माहीत नसेल तर ट्रेनमध्येच सांगा. महादजींचे भाऊ एकेक करून आधीच गेलेले, जयाप्पा 1755 ला राजस्थानात नागोरला, दत्ताजी 1760 च्या जानेवारीत दिल्लीजवळ बुराडी घाटावर. मग 14 जानेवारी 1761 चं पानिपत, तिथं आणखी एक भाऊ तुकोजी पडले, पुतण्या जनकोजी पकडला गेला आणि मारला गेला. महादजींच्या पायावर असा वार बसला की आयुष्यभर लंगडत चालावं लागलं. जखमी होऊन पडलेले असताना राणेखान नावाच्या एका पखालवाल्यानं, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्यानं, त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणलं. महादजी हे विसरले नाहीत, त्याला भाऊ मानलं, सरदार केलं, आणि 1788 मध्ये गुलाम कादिर या रोहिला सरदारानं बादशहाचे डोळे काढले तेव्हा महादजींची दिल्लीवर जी फौज गेली तिच्या पुढे हाच राणेखान होता! एवढं डोक्यात असेल तर मुलगा समाधीपाशी पाच मिनिटांत कंटाळणार नाही, माझी खात्री आहे.

एका दिवसात आरामात होतं. दादरहून सकाळची इंद्रायणी किंवा डेक्कन एक्सप्रेस, सासूबाई आहेत तर रिझर्व्हेशन करूनच, जनरलच्या नादाला लागू नका. पुणे स्टेशनहून रिक्षावाल्याला वानवडी, शिंदे छत्री म्हटलं की कळतं, एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजच्या बाजूला. संध्याकाळी इंद्रायणीनंच परत. शनिवारवाडा, पर्वती सगळं त्याच दिवशी कोंबू नका, ते पुन्हा कधीतरी. आत मोबाइल काढायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा, आणि जोरजोरात बोलणं टाळा, तिथं रोजची पूजा असते.

प्रश्न : दिवाळीनंतर जोधपूरला जातोय, टूरवाल्यानं जसवंत थडा फक्त 'ऑप्शनल' ठेवलाय. सोडला तर चालेल का? मेहरानगडावर जाणारच आहोत.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : सोडू नका हो. किल्ल्याच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे वेळेचं कारण टूरवाल्याला देऊ देऊ नका. महाराजा जसवंतसिंह दुसरे यांच्या स्मरणार्थ मुलगा सरदारसिंह यांनी 1899 मध्ये हे बांधलं, मकराण्याचा पांढरा संगमरवर, काही फरशा इतक्या पातळ की ऊन पडलं की दगड आतून उजळतो. म्हणून सकाळीच जा, उन्हात, आणि किल्ला नंतर करा. एक अर्धा दिवस काढता आला तर मंडोरलापण जा, जसवंतसिंहांच्या आधीच्या मारवाडच्या राजांच्या छत्र्या तिथल्या बागेत आहेत, लाल दगडातल्या, देवळासारख्या उंच शिखरांच्या, त्यातली महाराजा अजितसिंहांची सगळ्यात भारी. बसवाले बऱ्याचदा तिथं थांबत नाहीत, तेव्हा स्टेशनजवळून स्वतंत्र रिक्षा करा आणि यायचं-जायचं भाडं आधीच ठरवून घ्या.