न्यूजरूममधून ब्रिटनच्या वर्गात

तुम्ही विचारलंत की मुंबईत वृत्तवाहिनीत २१ वर्षं काढल्यावर आता ब्रिटनमध्ये पत्रकारिता शिकवायची आहे, तर आधी वर्षभराचं एमए करून बायको-मुलीला मागोमाग बोलवावं का? मी २०१२मध्ये अशीच न्यूजरूम सोडून इथे आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एमएचा बेत इथेच थांबवा. जानेवारी २०२४पासून अशा मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदार आणि मुलं सहसा आणता येत नाहीत. पीएचडीला आणता येतात. मुलगी आठवीत आहे म्हणता, तेव्हा हे आधी घरी बोला. शिवाय इथे अनेकांचं शिकवणं तासिकेवर सुरू होतं, आपल्याकडच्या सीएचबीसारखं, म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचेच पैसे. तेवढ्यावर स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा होत नाही. जुलै २०२५पासून त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे.

पीएचडी नसली तरी मुरलेल्या पत्रकाराला दार बंद नाही. बीजेटीसी या प्रसारण-पत्रकारितेच्या प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांत वर्गाचीच न्यूजरूम होते, दिवसभर बुलेटिन काढावी लागतात. तिथे तुमची २१ वर्षं कामाची आहेत. पण कायदा नव्याने शिकावा लागेल. १९८१चा कंटेम्प्ट ऑफ कोर्ट ॲक्ट, म्हणजे न्यायालयाच्या अवमानाचा कायदा, आधी वाचा. संशयिताला अटक झाली की प्रकरण ‘ॲक्टिव्ह’ होतं, म्हणजे त्याला हा कायदा लागू होतो. त्यानंतर खटल्याला गंभीर बाधा येईल असं काही दाखवलं, तर ‘हेतू नव्हता’ हे उत्तर चालत नाही, कारण गंभीर खटल्यांत निकाल ज्यूरी, म्हणजे सामान्य नागरिकांचं मंडळ, देते आणि ज्यूरीही टीव्ही बघते. आपण अटकेनंतर तासाभरात शेजाऱ्यांचे बाईट (कॅमेऱ्यासमोरच्या प्रतिक्रिया) आणि आरोपीचे जुने गुन्हे चालवायचो. ती सवय हातातून जायला मला फार वेळ लागला.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. इथल्या पहिल्या तासाला मी मुंबईचा २६ जुलै २००५ सांगितला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कालिन्यात कमरेएवढं पाणी, डोक्यावर ट्रायपॉड. चाळीस मिनिटं वर्ग गप्प ऐकत होता. मग पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “कॅमेरा पहिल्यांदा कशावर लावलात? आणि तोच शॉट का?”

मला सांगता येईना. इतकी वर्षं हे हातच ठरवत होते.

त्या रात्री घरातल्या सीडीवर उरलेलं त्या पावसाचं पॅकेज, म्हणजे दृश्यांसह तयार केलेली बातमी, लावलं. प्रत्येक शॉटला थांबून वहीत लिहिलं, हा इथे का? पहिला शॉट टॅक्सीच्या छपराचा होता, वर जेवणाचा डबा छातीशी धरून बसलेला माणूस. पाणी किती चढलं ते त्या छपरावरून एका नजरेत कळत होतं, म्हणून तो पहिला. पुढच्या आठवड्यात तेच सात शॉट उलटसुलट करून मुलांना दिले आणि क्रम लावायला सांगितला. त्या दिवशी पहिल्यांदा मी शिकवलं.

हे तिथेच सुरू करा. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या विभागात दोन सत्रं शिकवा. नेमणुकीचं पत्र, तुम्ही केलेले स्वाध्याय, मुलांचे अभिप्राय, सगळं जपून ठेवा, अर्जाला लागेल. वाहिनी सोडण्याआधी आपल्या पॅकेजेसची तारीखवार यादी करा आणि ती वर्गात दाखवायची लेखी परवानगी घ्या. मी घेतली नव्हती. पुढे दोन मिनिटांच्या एका क्लिपसाठी सात महिने पत्रव्यवहार करावा लागला.