ध्वनिमुद्रण घरच्या घरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बेडरूममध्येच सेटअप आहे, खोली १० बाय १०. स्कारलेट टू आय टू इंटरफेस (माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि यामाहा एचएस ५ स्पीकर आहेत, अभंग आणि तबला रेकॉर्ड करतो. आता खोलीमुळे बिघडणारा स्पीकरचा आवाज दुरुस्त करणारा आयके मल्टिमीडियाचा आर्क स्टुडिओ हा डबा घेतलाय, पण यूएसबीने लावला तरी सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट म्हणून दिसतच नाही. सोबतचा माइक पण या डब्यात कुठे लावायचा कळत नाहीये. डबा खराब आलाय का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही हो, डबा ठणठणीत असणार. मुळात तो इंटरफेस नाहीच, त्यामुळे आउटपुटच्या यादीत तो कधीच दिसणार नाही. यूएसबीची वायर फक्त खोलीचं माप डब्यात भरायला आहे, गाणं त्यातून जात नाही, आणि एकदा ते माप (प्रोफाइल) भरलं की कॉम्प्युटरपासून काढून ठेवलं तरी डबा आपलं काम करत राहतो. आवाज जातो तो मागच्या एक्सएलआरमधून, म्हणजे तीन पिनांच्या गोल जोडणीतून. म्हणजे कॉम्प्युटर, मग स्कारलेट, मग हा डबा, मग स्पीकर. डब्यानंतर थेट स्पीकर, मध्ये दुसरं काही घालू नका.

वायरी चार लागतील. स्कारलेटच्या मागे मोठ्या जॅकवाले दोन आउटपुट आहेत ते बॅलन्स्ड (वायरीत शिरणारी घूं घूं रोखणारे) आहेत, तिथून डब्यापर्यंत टीआरएस (टोकावर दोन काळ्या रेघा असलेला मोठा जॅक) ते एक्सएलआर मेल (पिनांचं टोक) अशा दोन, आणि डब्यापासून एचएस ५ पर्यंत साध्या एक्सएलआर ते एक्सएलआर दोन. गिटारची मोनो वायर पडलेली असते घरात, ती लावू नका, बॅलन्सचा फायदा जातो आणि मग घूं घूं ऐकू येते म्हणून परत पत्र येतं. वायरी लावताना स्पीकर बंद, आणि चालू करताना स्पीकर सगळ्यात शेवटी, नाहीतर धाडकन आवाज येतो.

आता माइक. तो डब्यात नाही, स्कारलेटच्या पहिल्या इनपुटमध्ये लावायचा आणि ४८ व्होल्ट (माइकला लागणारी वीज) चालू करायचं. एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात ती म्हणजे डायरेक्ट मॉनिटर. ते चालू राहिलं तर माइकचा आवाज स्पीकरमधून येतो, तोच परत माइकमध्ये जातो आणि शिट्टी सुरू होते, आणि शिट्टी नाही झाली तरी माप चुकतंच. एअरचं (आवाजाचा वरचा भाग उजळवणारं) बटण असेल तर तेही बंद. गेन आणि व्हॉल्यूम एकदा सेट केला की माप संपेपर्यंत हात लावायचा नाही. पंखा, एसी बंद करा आणि घरी सांगून ठेवा की आता कुकर लावू नका, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. माइक बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीवर धरायचा, मग सॉफ्टवेअर सांगेल तसा आजूबाजूला सरकवत जायचा. घाईघाईत सगळी मापं एकाच ठिकाणी घेतलीत तर करेक्शन (डबा करतो ती आवाजाची दुरुस्ती) त्या एका बिंदूपुरतंच होतं, मान जरा वळवली की आवाज बदलला.

पण हे सगळं करायच्या आधी तुमच्या खोलीबद्दल बोलायला हवं, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिली लाट ५६ हर्ट्‌झला अडकते, दुसरी ११२ च्या आसपास. तुमची लांबी-रुंदी सारखीच, म्हणजे दोन्हीकडून तोच आकडा एकावर एक चढतो, आणि छतही साडेनऊ-दहा फुटांवर असेल (आपल्याकडे फ्लॅटमध्ये असतंच) तर तिसऱ्यांदा. म्हणून डग्गा एका जागी घुमतो आणि दोन फूट सरकलं की गायब. खुर्ची जर खोलीच्या बरोब्बर मधोमध असेल तर तिथे ५६ हर्ट्‌झ जवळपास मेलेलाच असतो आणि ११२ फुगलेला. फुगलेलं आहे ते करेक्शन छान खाली आणतं. मेलेलं मात्र उठत नाही, कारण तिथे लाटा एकमेकींना मारतायत, तुम्ही आवाज वाढवला की मारणारी लाट पण तेवढीच वाढते. ६ डेसिबल वाढवायचं म्हणजे ॲम्पला चौपट पॉवर द्यावी लागते, आणि एचएस ५ चा आवाज ५४ हर्ट्‌झला आधीच १० डेसिबल पडलेला असतो. पाच इंची स्पीकर बिचारा थरथरेल, तुम्हाला काही ऐकू येणार नाही.

म्हणून आधी खुर्ची हलवा. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे तुमच्याकडे पावणेचार फुटांवर बसून बघा, तिथून पुढेमागे करत जा. स्पीकर शक्य तेवढे भिंतीजवळ. हे ऐकून लोक दचकतात, पण स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर मागून परतणारा आवाज १४३ हर्ट्‌झच्या आसपास खड्डा पाडतो, म्हणजे नेमका पुरुषी आवाजाच्या खर्जात. ३० सेंटीमीटरवर आणलं की तोच खड्डा २८६ ला सरकतो, आणि तिथे चार इंची रॉकवूलचा पॅनल त्याला सांभाळू शकतो. भिंतीजवळ आणल्यावर बास वाढतो, तो करेक्शनला कापता येतो. एचएस ५ च्या पाठीमागे रूम कंट्रोलचं (बास कमी करणारं) बटण आहे ते माप घ्यायच्या आधी ठरवा, नंतर हललं तर माप परत घ्यावं लागेल. टेबल सरकवलं, गादी काढली, कपाट आणलं, तरी परत.

प्रश्न : डबा लावल्यावर हेडफोनमध्येही करेक्शन येईल का? आणि गाताना आवाज मागे पडेल का? (नाशिक)

उत्तर : हेडफोन इंटरफेसलाच लावताय ना, मग नाही, कारण डबा त्याच्या पुढे आहे. आणि तेच बरं, खोलीची दुरुस्ती कानाला लावलेल्या हेडफोनवर कशाला हवी. हा गोंधळ प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा छोटा प्रोग्राम) वापरणाऱ्यांचा होतो, मास्टरवर, म्हणजे सगळ्यात शेवटच्या आउटपुटवर, टाकलेला करेक्शन प्लगइन हेडफोनवरही जातो आणि एक्सपोर्ट करताना बंद करायचा राहिला तर तुमच्या खोलीचं उलटं चित्र गाण्यात कायमचं छापलं जातं. डबा असेल तर ही भानगडच नाही, फक्त तोच प्लगइन सोबत चालू ठेवू नका, दोनदा दुरुस्ती होते. डब्यामुळे थोडा उशीर होतो तो स्पीकरवर. गाताना तुम्ही हेडफोनवर, डायरेक्ट मॉनिटर चालू करून, त्यामुळे काही फरक नाही.

प्रश्न : बजेट नाही. फुकटात काही? (सांगली)

उत्तर : आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, माप उत्तम घेतं आणि फिल्टरही काढून देतं. ते विंडोजवर इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरमध्ये टाकता येतात, तेही फुकट. अडचण अशी की एएसआयओने (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर विंडोजला वगळून थेट इंटरफेसशी बोलतं तो मार्ग) वाजणाऱ्या आवाजाला एपीओ हात लावत नाही, म्हणजे यूट्यूब दुरुस्त ऐकू येईल पण रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर जसंच्या तसं. तिथे तेच आकडे एखाद्या ईक्यू (इक्वलायझर) प्लगइनमध्ये हाताने भरा, आणि एक्सपोर्टच्या वेळी तो बंद करा. मापाचा माइक तेवढा विकत घ्यावा लागेल, गाण्याचा माइक त्या कामाचा नाही.